जनित्राचा धूर कुठे सोडावा? एका नळीचा इतिहास

१/ वीज गेली की जनित्राचा आवाज सर्वांना ऐकू येतो. त्याचा धूर कुठे जातो, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. इमारतीच्या भिंतीलगत वर चढणाऱ्या काळवंडलेल्या नळीमागे महाराष्ट्रातील वीज, शेती आणि बाजारपेठ यांचा मोठा इतिहास आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी ठरले. महाराष्ट्रात हे तंत्र लवकर रुजले. साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. पुढे १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, तर १९६२ मध्ये पुण्यातच किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली.

३/ ही इंजिने प्रथम विहिरीवर गेली. तेथे एक आखूड नळी पुरेशी होती. चारही बाजूंना रान मोकळे असल्याने धूर वाऱ्यावर विरून जाई. धुराड्याच्या रचनेचा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण धूर सोसायला शेजारीच नव्हता.

४/ चित्र पालटले ते भारनियमनाने. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला आणि विजेची तूट वाढत गेली. मराठवाड्याच्या परळीत औष्णिक केंद्र होते. पण २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेही बंद ठेवावे लागले.

५/ नांदेड-लातूर पट्ट्यात, भोकरसारख्या तालुक्याच्या गावी, दवाखाना, बँक आणि मंगल कार्यालय यांना जनित्रावाचून गत्यंतर उरले नाही. रानातले यंत्र दाट वस्तीत आले. अनेकदा त्याची आखूड नळीही तशीच आली आणि बोळात किंवा जिन्याखाली तोंड उघडून बसली.

६/ धोका काळ्या धुरापुरता नसतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो: रंगहीन, गंधहीन. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही न होता तो मारू शकतो.

७/ मग नळी हवी तेवढी लांब का नेऊ नये? नळी लांब, अरुंद आणि वळणावळणाची असेल, तर वायूला बाहेर पडण्यास अडथळा होतो. तो उलटा दाब इंजिनावर येतो. डिझेल अधिक जळते, धूरही वाढतो. म्हणून लांबी वाढली की व्यासही वाढवावा लागतो आणि कोपरे कमी ठेवावे लागतात.

८/ शिवाय उष्णता. सहा मीटरची पोलादी नळी ४०० अंशांनी तापली, तर सुमारे तीन सेंटिमीटरने लांबते. म्हणून मध्ये लवचीक जोड देतात, भिंतीतून नेताना भोवती मोकळी जागा सोडतात आणि नळीवर उष्णतारोधक वेष्टन चढवतात.

९/ उंचीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे: इमारतीची उंची + ०.२ × √केव्हीए. म्हणजे २५ केव्हीएच्या जनित्राची नळी इमारतीच्या माथ्यावर १ मीटर हवी, १०० केव्हीएची २ मीटर, ४०० केव्हीएची ४ मीटर.

१०/ या सूत्राची मर्यादा बाजारपेठेत उघडी पडते. ते मोजते जनित्र असलेली इमारत. सात मीटर उंच दुकानावर २५ केव्हीएची नळी आठ मीटरवर संपते. शेजारची इमारत तेरा मीटरची असेल, तर नियम पाळूनही धूर तिच्या खिडकीसमोर सुटतो.

११/ २००२ च्या अधिसूचनेने नव्या जनित्रांच्या आवरणापासून एक मीटरवर आवाजाची मर्यादा ७५ डेसिबल ठरवली. गोंगाट पेटीत कोंडला गेला आणि जनित्र वस्तीच्या आणखी जवळ ठेवणे सोपे झाले. आवाजाविरुद्ध तक्रार होते. न ऐकू येणाऱ्या वायूविरुद्ध क्वचितच.

१२/ २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण मानला. भारतात २०२२ ची अधिसूचना १ जुलै २०२३ पासून लागू होऊन नव्या जनित्रांवरील उत्सर्जनाची मर्यादा कडक झाली. आता केवळ धूर उंच नेणे पुरेसे नाही. तो आधी स्वच्छ करणे अपेक्षित आहे.

१३/ जुनी जनित्रे मात्र वर्षानुवर्षे चालत राहतात. त्यांच्यासाठी नळीची जागा आणि उंची हेच मुख्य संरक्षण आहे. ती ठरवताना आपल्या गच्चीबरोबर शेजारच्या खिडक्याही मोजल्या, तर सूत्रात राहून गेलेला शेजारी हिशेबात येईल.