रबर झिजते, सांगाडा उरतो : रे हॅरीहाउसेन यांच्या चित्रवारशाचा मागोवा

चित्रपट पूर्ण झाला, की त्यासाठी तयार केलेल्या बहुतेक वस्तूंचे काम संपते. पोशाख पुढच्या चित्रपटासाठी उसवले जातात, देखावे मोडले जातात, बाहुले कुठल्या तरी गोदामात धूळ खात पडतात आणि एके दिवशी कचऱ्यात जातात. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आपल्या इतिहासाचा फार मोठा भाग असाच गमावला. या सार्वत्रिक अनास्थेला ठळक अपवाद म्हणजे अद्भुतपटांचे जादूगार रे हॅरीहाउसेन. शाळकरी वयातील खटपटींपासून अखेरच्या चित्रपटापर्यंतची रेखाचित्रे, साचे, बाहुले, पत्रव्यवहार त्यांनी जपून ठेवले. या संग्रहात आज ५० हजारांहून अधिक वस्तू आहेत. चित्रपटविषयक वस्तूंचा छंद असणाऱ्यांना या संग्रहाकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

यंत्रज्ञ वडिलांचा मुलगा

हॅरीहाउसेन यांचा जन्म २९ जून १९२० रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी ‘किंग काँग’ पाहिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. काँगला हालचाल देणारे विलिस ओब्रायन हे त्यांचे दैवत झाले. घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी प्रयोग सुरू केले. गुहेतील अस्वलाचा पहिला बाहुला बनविताना आईचा जुना फरचा कोट कामी आला. वडील फ्रेड हे यंत्रज्ञ होते. मुलाने काढलेल्या आराखड्यांवरून बाहुल्यांच्या आतील पोलादी सांगाडे ते स्वतः घडवीत. दूरच्या चित्रपटांसाठीही त्यांनी हे काम १९७३ मधील आपल्या निधनापर्यंत केले.

‘मायटी जो यंग’ (१९४९) या चित्रपटात हॅरीहाउसेन यांना प्रत्यक्ष ओब्रायन यांच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली. पुढे ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’ (१९५३), ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९५८), ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३), ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ (१९६६) अशी अद्भुतपटांची मालिकाच त्यांनी उभी केली. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ (१९८१) हा त्यांचा अखेरचा मोठा चित्रपट. या चित्रपटांचे दिग्दर्शक वेगवेगळे होते. पण प्रेक्षकांनी ते ओळखले हॅरीहाउसेन यांच्याच नावाने. १९९२ मध्ये ऑस्कर समारंभात त्यांना तांत्रिक योगदानासाठीचा गॉर्डन सॉयर पुरस्कार देण्यात आला. ७ मे २०१३ रोजी लंडन येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सेकंदाला चोवीस वेळा

या संग्रहाचे मोल समजण्यासाठी त्यांची कार्यपद्धती समजून घ्यायला हवी. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चित्रे असतात. बाहुल्याचा हात, मान, शेपटी किंचित हलवायची, एक चित्र टिपायचे. पुन्हा किंचित हलवायचे, पुन्हा टिपायचे. हॅरीहाउसेन यांनी या जुन्या तंत्राला नवी जोड दिली. आधी चित्रित केलेले नटांचे दृश्य बाहुल्यामागील छोट्या पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवीत दाखवायचे आणि काचेवर काळा रंग देऊन दृश्याचा काही भाग झाकायचा. फीत मागे घेऊन नंतर त्या झाकलेल्या भागाचे चित्रण करायचे. त्यामुळे बाहुला माणसांच्या पुढे नव्हे, तर त्यांच्या मधोमध उभा असल्याचा भास होतो. ‘डायनामेशन’ या नावाने हे तंत्र जगभर गाजले.

‘जेसन’मधील हाडांच्या सापळ्यांची लढाई हा या तंत्राचा कळस मानला जातो. तीन माणसे आणि सात सापळे यांच्यातील त्या चकमकीसाठी हॅरीहाउसेन यांना सुमारे साडेचार महिने लागले. काही दिवशी सारा दिवस खपून अवघी १३ चित्रे, म्हणजे पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद, हाती लागे. हे सारे काम ते बहुधा एकटेच करीत. म्हणूनच त्यांच्या बाहुल्याला हस्तलिखिताची किंमत येते. त्यावर एकाच माणसाचे हात फिरलेले असतात.

रबराचे आयुष्य

संग्राहकाच्या दृष्टीने खरी अडचण मात्र येथूनच सुरू होते. या बाहुल्यांचे अंग फेसाळ रबराचे असते. रबराचा चीक फेटून साच्यात ओतायचा, भट्टीत भाजायचा आणि सांध्यांच्या पोलादी सांगाड्यावर त्याचे मांस चढवायचे, अशी ही रीत. हे रबर वाकते, ताणते, म्हणूनच ते चित्रणासाठी योग्य; पण ते टिकाऊ नाही. हवा, प्रकाश आणि उष्णता यांच्या परिणामाने ते हळूहळू कडक होते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. बाहुल्याच्या आतील पोलाद शंभर वर्षे राहील, पण ज्या चेहऱ्याने मुलांची झोप उडविली तो चेहरा काही दशकांतच विरून जातो.

हॅरीहाउसेन यांनीही आपल्या जुन्या बाहुल्यांना नेहमीच अभय दिले असे नाही. खर्च वाचविण्यासाठी सांगाडे पुन्हा वापरले जात. ‘ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ’ (१९५७) मधील शुक्रावरच्या प्राण्याचा सांगाडा पुढे सिंदबादच्या एकाक्ष राक्षसाच्या पोटात गेला. ‘जेसन’मधील सात सापळ्यांपैकी एक तर सिंदबादच्या चित्रपटातून आलेला जुनाच कलावंत होता. त्यामुळे ‘मूळ बाहुला’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या क्षेत्रात फार नाजूक आहे.

उतारवयात त्यांनी आपल्या अनेक पात्रांच्या ब्राँझच्या प्रतिकृती ओतून घेतल्या, यामागे रबराचे हे नश्वरपण होतेच. आता जतनकार बाहुल्यांना आतून आधार देतात, भेगा भरतात आणि ते मंद प्रकाशात, स्थिर तापमानात ठेवतात. झीज त्यामुळे लांबते, थांबत नाही.

दोन मित्र, दोन वारसे

या कथेत आणखी एक पात्र आहे. १९३८ च्या सुमारास ‘किंग काँग’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटगृहाच्या दालनात लावलेली त्याची छायाचित्रे पाहून तरुण हॅरीहाउसेन यांनी ती कोणाची, याची चौकशी केली. ती निघाली फॉरेस्ट अ‍ॅकरमन या हौशी संग्राहकाची. अ‍ॅकरमन यांनी ती छायाचित्रे त्यांना पाहायला दिली, आणि त्यांच्यामुळेच पुढे लेखक रे ब्रॅडबरी यांचीही ओळख झाली. ही तिघांची मैत्री जन्मभर टिकली. एका छायाचित्रसंचाने जुळलेले हे नाते म्हणजे संग्रहवेडाला मिळालेली दादच होय.

अ‍ॅकरमन यांनी लॉस एंजेलिसमधील आपल्या घरात अद्भुत आणि भयपटांच्या वस्तूंचा प्रचंड खजिना जमविला. ते घर चाहत्यांसाठी खुले असे. त्याचे कायमस्वरूपी संग्रहालय व्हावे, ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. २००२ मध्ये संग्रहाचा मोठा भाग त्यांना विकावा लागला. डिसेंबर २००८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २००९ मध्ये उरलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. बेला लुगोसी यांनी ड्रॅक्युलाच्या भूमिकेत वापरलेली अंगठीही त्यात होती. आयुष्यभर एकत्र राहिलेल्या वस्तू दोन दिवसांत शेकडो घरी पांगल्या.

हॅरीहाउसेन यांनी वेगळी वाट धरली. १९८६ मध्येच त्यांनी पत्नी डायना यांच्यासह ‘रे अँड डायना हॅरीहाउसेन फाउंडेशन’ हा धर्मादाय न्यास स्थापन करून संग्रह एकत्र राहील, अशी तजवीज केली. न्यासातर्फे जतनाचे काम चालते आणि वस्तू प्रदर्शनांसाठी दिल्या जातात. २०१७ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये, तर जन्मशताब्दीनिमित्त ऑक्टोबर २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्या रसिकांनी पाहिल्या. लिलाव झाला असता तर अनेक संग्राहकांची कपाटे सजली असती. पण एखादे पात्र रेखाटनापासून पडद्यापर्यंत कसे पोहोचले, हा प्रवास कोणालाच सलग पाहता आला नसता.

मग संग्राहकाने घ्यावे तरी काय?

चित्रणात वापरलेला हॅरीहाउसेन यांचा बाहुला बाजारात जवळजवळ येतच नाही, हे आधी लक्षात घ्यावे. अशा वस्तूंची किंमत काय होऊ शकते, याची कल्पना ‘किंग काँग’वरून येईल. काँगचा रबर झडून उरलेला धातूचा सांगाडा नोव्हेंबर २००९ मध्ये लंडनच्या ख्रिस्तीज लिलावात सुमारे १ लाख २१ हजार पौंडांना विकला गेला. त्यामुळे ‘मूळ बाहुला’ स्वस्तात देऊ करणाऱ्यापासून दूरच राहावे. बहुतेक वेळा ती राळेची, कधी तरी चाहत्याने ओतलेली प्रतिकृती असते.

सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात येते ती छापील सामग्री. त्या काळची अमेरिकी भित्तिपत्रके २७ बाय ४१ इंच आकाराची असत, ब्रिटिश आडवी पत्रके ३० बाय ४० इंचांची. चित्रपटगृहाच्या दालनात लावली जाणारी ११ बाय १४ इंचांची जाड कार्डे साधारणतः आठच्या संचात येत. जुनी पत्रके घडी घालूनच पाठविली जात. म्हणून १९६३ च्या पत्रकावर घडीच्या खुणा असणे हा दोष नव्हे. त्या अजिबात नसतील तर मात्र अधिक चौकशी करावी. अमेरिकी पत्रकाच्या तळाशी वर्ष आणि क्रमांक छापलेला असतो. त्याआधी ‘आर’ हे अक्षर असल्यास पत्रक पुनर्प्रदर्शनाच्या वेळचे समजावे. त्याची किंमत सहसा पहिल्या प्रदर्शनाच्या पत्रकापेक्षा कमी असते.

स्वाक्षऱ्यांबाबतही तारतम्य हवे. हॅरीहाउसेन अखेरच्या वर्षांत चाहत्यांच्या मेळाव्यांना आवर्जून जात आणि पुस्तकांवर, चित्रांवर स्वाक्षऱ्या देत. त्यांची स्वाक्षरी त्यामुळे दुर्मिळ नाही. पण तेवढीच ती बनावट करणेही सोपे आहे. स्वाक्षरी कुठे, केव्हा, कोणासमोर झाली हे सांगणारी पावती किंवा छायाचित्र सोबत असेल तर तिचे मोल वाढते. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची साखळी, म्हणजेच तिची वंशावळ, हाच या व्यवहाराचा कणा आहे. विक्रेत्याने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र हा त्या साखळीचा पुरावा ठरत नाही. टोनी डाल्टन यांच्या साह्याने लिहिलेले हॅरीहाउसेन यांचे ‘अ‍ॅन अ‍ॅनिमेटेड लाइफ’ (२००३) आणि त्यांच्या कलेवरचे २००५ मधील पुस्तक जवळ असेल, तर वस्तू ओळखण्यास मोठीच मदत होते.

कालीचे नृत्य आणि आपले कोठार

भारतीय वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागाही या संग्रहात आहे. ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९७३) मध्ये कालीची सहा हातांची मूर्ती सजीव होऊन नाचते आणि सहाही हातांत तलवारी घेऊन लढते. देवीचे हे पाश्चात्त्य रूप आपल्याला खटकणे स्वाभाविक आहे. तरीही त्या नृत्याच्या हालचालींसाठी हॅरीहाउसेन यांनी लंडनस्थित भारतीय नर्तिका आणि गायिका सूर्यकुमारी यांचे साह्य घेतले होते, हे नोंदविण्यासारखे आहे.

तंत्राने पुराणकथा सजीव करण्याची कला आपल्याकडे त्याआधी कितीतरी वर्षे दादासाहेब फाळके यांनी दाखविली होती. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) ही त्याची उदाहरणे. मात्र ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज उपलब्ध आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांच्या काळातील बहुतांश ठेवा नाहीसा झाला होता. उरलेल्यापैकी कित्येक जुन्या ज्वालाग्राही फिती जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील कोठाराला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या.

म्हणूनच घरात जुने भित्तिपत्रक, गाण्यांची पुस्तिका किंवा एखाद्या तंत्रज्ञाची वही असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आम्लमुक्त कागदात, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवावी. तिला चिकटपट्टी लावू नये आणि ती कोणाकडून, कधी आली हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. आपल्यामागे ती कोणाकडे जावी, हेही हयातीतच ठरवावे. हॅरीहाउसेन दांपत्याने नेमके तेच केले, आणि तेही निधनापूर्वी तब्बल २७ वर्षे.