शीळफाट्याचे दूध व भिलवडीचा चक्का

शीळफाटा हे नावच वाटेचे आहे. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणचा रस्ता येथे मिळतात. महापेची वाटही येथूनच फुटते. या नाक्याभोवतालच्या ठाणे, कल्याण व भिवंडी या पट्ट्यात म्हशींचे तबेले पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तरीही हा धंदा मुख्यतः ताज्या दुधाच्या रतिबापुरताच राहिला. दुधापासून टिकाऊ पदार्थ करण्याकडे तो का वळला नाही, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

याचे कारण रूढीत शोधण्याचा प्रघात आहे. नासलेले दूध निषिद्ध, म्हणून चीज नाही, असे सांगितले जाते. हे उत्तर समाधानकारक नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर (त्याचे कल्याण हे नव्हे) याच्या 'मानसोल्लासा'त दूध आंबट घालून फोडण्याची व ते फडक्यातून गाळून पक्वान्न करण्याची कृती आलेली आहे. विद्या होती, निकड नव्हती. शीळफाट्याच्या पट्ट्यातून पहाटे काढलेले दूध नासण्यापूर्वीच मुंबईच्या दारात पोचे. जे दूध ताजेच खपते त्याला विरजण कोण लावील?

या सान्निध्याने कळपाचे स्वरूपही ठरविले. तबेलेवाला व्यालेली म्हैस बाहेरून विकत आणी, त्या वेतापुरती ठेवी आणि भाकड होताच काढून टाकी. पुष्कळ म्हशी कसाईखान्यात जात. रेडकाला पाजलेले दूध म्हणजे बुडालेला पैसा, असा हिशेब असे. म्हणून बापाकडून मुलाकडे गोठा, गिऱ्हाईक व उधारीची वही जाई. कळप जात नसे. तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत स्थापन झाली, १९७६ मध्ये नागरी क्षेत्रातील गुरांविषयी कायदा झाला, आणि तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील दापचरीची योजनाही पुढे आली. या उपायांनी जागा बदलली. दुभती म्हैस विकत घेण्याचा व्यवहार त्यामुळे थांबला असे म्हणता येत नाही.

उलट उदाहरण सांगली जिल्ह्यातील भिलवडीचे. कृष्णाकाठच्या या गावी भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये दुग्धव्यवसाय आरंभिला. स्थानक होते, परंतु मीटरमापी मार्गावरचे. मुंबईस जाणाऱ्या मालाला पुण्यास गाडी बदलणे प्राप्त होते. अशा ठिकाणी उरलेल्या दुधाचे काय करावे हा दररोजचा प्रश्न असतो, आणि खवा, चक्का व श्रीखंड ही त्याची उत्तरे आहेत. १९५० मध्ये रघुनाथराव व नरसिंहराव या पुत्रांनी पुण्यात मिठाईचे दुकान काढले. एका घराचे दोन हात झाले: एक दुधाजवळ, दुसरा गिऱ्हाइकाजवळ. भिलवडीस म्हशींची पैदास व कृत्रिम रेतन यांकडेही लक्ष पुरविले गेले. म्हणजे तबेल्यात जे वारशाने कधीच जात नव्हते, ते येथे गेले. (पुढे घराण्याची सर्वांत अधिक ख्याती ज्या बाकरवडीने झाली, तिच्यात दुधाचा काही संबंध नाही, हा भाग निराळा.)

भिलवडीचे यश केवळ एका कर्तबगार घराण्याचे मानावे, तर खेड्याचा दाखला आड येतो. तेथील संघ १९४६ मध्ये नोंदला गेला. तो सहकारी, कुटुंबाचा नव्हे. त्याचे दूध मुंबईसच जाई, पण हिवाळ्यात वाढलेले सर्व दूध मुंबई घेत नसे. त्या शिलकेतूनच १९५५ मध्ये आणंदचा लोणी व भुकटीचा कारखाना उभा राहिला, आणि म्हशीच्या दुधाचे चीज त्यानंतर आले. मालकी भिन्न, कारण एकच. शीळफाट्याच्या तबेल्यात हिवाळ्याची ही शिलक साठण्यास वावच नव्हता. जास्तीचे दूध सकाळच्या लोकलने कॅनमधून शहरात गेलेले असे.