निबंधातला ‘मी’

शाळेतील निबंध आणि ‘डिजिटल कथाकथन’ यांची तुलना निघाली की पहिला जुनाट व दुसरे नवे, असे आपण गृहीत धरतो. विद्यार्थ्याने स्वानुभवावर संहिता लिहावी, ती आपल्याच आवाजात वाचावी, मोजकी छायाचित्रे जोडून दोन-तीन मिनिटांची चित्रफीत करावी, असे या कथाकथनाचे स्वरूप. जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली प्रभृतींनी १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात त्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. विद्यार्थ्याचा ‘मी’ वर्गात आणला, हे त्याचे मोठे श्रेय मानले जाते.

पण हा ‘मी’ पुण्याच्या वर्गात फार पूर्वी येऊन गेला आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. डोक्यावर छप्पर नसताना होणारी आपल्या स्त्रियांची बाळंतपणे ती सांगते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असेही विचारते. हा ‘मी’ एकटा नाही, तो ‘आम्ही’ होऊन बोलतो. विशेष म्हणजे त्याला परीक्षकापलीकडचा वाचक लाभला होता.

पुढे १८७४पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने निबंधाला प्रौढ प्रतिष्ठा दिली. १८८४ साली रानडे, भांडारकर आदींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले. नारायण पेठेतील ‘हुजूरपागा’ ती हीच शाळा. मुलींनी काय शिकावे यावर ‘केसरी’ने तिच्या अभ्यासक्रमाविरुद्ध लेखणी चालवली. वादी-प्रतिवादी बहुतेक प्रौढ पुरुष होते. जिच्याविषयी वाद, तिला मात्र विषय नेमून दिला जाई.

आजचा शालेय निबंध या दुसऱ्या परंपरेचा वारस आहे, असे आम्हांस वाटते. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ लिहिताना पुस्तक, नदी, वटवृक्ष सारे ‘मी’ म्हणून बोलतात. विद्यार्थी तेवढा बोलत नाही. पेठेलगतच्या अप्पा बळवंत चौकात तयार निबंधांची पुस्तके मिळतात, ती उगाच नव्हे.

मग चित्रफीत बरी का? एका बाबतीत निश्चित बरी. लाल शाई विद्यार्थ्याची बोली वहीतून खोडून टाकते. मुद्रित आवाजातून घरचा हेल तसा पुसता येत नाही. परंतु तयार संगीत, उसनी चित्रे आणि आता यंत्राकडून लिहून घेतलेली संहिता यांमुळे चित्रफीतही फाटक्या पुस्तकाच्या वाटेने जाऊ शकते. शिवाय जे नाही त्याचे छायाचित्र काढणे अवघड असते. नसलेले छप्पर एक वेळ दाखवता येईल. नाकारलेला धर्मग्रंथ कसा दाखवणार? त्यासाठी युक्तिवादच हवा, आणि तो वाक्यावाक्याने रचावा लागतो.

म्हणून वही की पडदा, हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. उत्तम डिजिटल कथेच्या मुळाशी लिहिलेली संहिताच असते. शिक्षकाने विषय देताना दोनच गोष्टी पाहाव्यात : हे या मुलाखेरीज दुसऱ्या कुणाला लिहिता येईल काय, आणि गुण देणाऱ्यावाचून ते कोण वाचणार आहे? १८५५च्या त्या निबंधाजवळ दोन्हींची उत्तरे होती. साधन म्हणून लेखणी तेवढी होती.