हात बांधलेले खेळाडू

स्पर्धा म्हटली की खेळाडूचा हात, त्याची नजर आणि आयत्या वेळची हिकमत डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु विद्यापीठांतून अशीही एक स्पर्धा रुजली आहे, की जीत डाव सुरू होताच स्पर्धकाने हात आवरून बसावयाचे असते. खेळतो तो त्याने आधी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम.

हिचे एक मूळ न्यूयॉर्कला सापडते. तेथे १९७० साली संगणकांची बुद्धिबळस्पर्धा भरली. सहा प्रोग्रॅम उतरले आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील स्लेट, ॲटकिन व गोर्लेन या तरुणांचा प्रोग्रॅम जिंकला.

बुद्धिबळात निदान सारा पट उघडा असतो आणि चाली पाळीपाळीने होतात. २०१० साली सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘स्टारक्राफ्ट’ या युद्धखेळातील बॉटांची, म्हणजे स्वयंचलित खेळाडूंची, स्पर्धा योजिली, तेव्हा या दोन्ही सोयी राहिल्या नाहीत. शत्रूचा मुलूख झाकलेला. खाणी, वसाहत आणि सैन्य यांचा कारभार एकाच वेळी, उसंत न घेता हाकावयाचा!

पूर्ण खेळाच्या विभागात बर्कली येथील विद्यार्थी व अध्यापकांचा ‘ओव्हरमाइंड’ विजयी झाला. त्याची भिस्त ‘म्यूटालिस्क’ नावाच्या उडत्या प्राण्यांच्या थव्यावर होती. लक्ष्याने प्रत्येकाला ओढावे, धोक्याने दूर लोटावे, हा नियम माणसांनी लिहिला. मात्र ओढ किती आणि रेटा किती, हे आकडे प्रोग्रॅमने सरावाच्या लढायांतून स्वतः जुळवून घेतले.

श्रोतेहो, या स्पर्धांचे मर्म येथे आहे. कुशल माणसाला एखादी गोष्ट करता येते. ती कशी केली, हे सांगता येतेच असे नाही. या चमूतील ओरिओल विन्याल्स हा स्वतः त्या खेळात मुरलेला. पण त्याचे कसब प्रोग्रॅममध्ये उतरल्याखेरीज उपयोगाचे नव्हते. पुढे डीपमाइंड संस्थेत त्याच्या नेतृत्वाखाली ‘अल्फास्टार’ घडला. माणसांच्या नोंदवलेल्या डावांवरून आणि मग स्वतःच्याच प्रतिरूपांशी झुंजून तो शिकला. २०१९ साली ‘स्टारक्राफ्ट दोन’मधील मानांकित खेळाडूंपैकी ९९.८ टक्क्यांच्या वर तो पोहोचला.

यात कमावले पुष्कळ, गमावलेही काही. हाताने लिहिलेला बॉट हरला, तर विद्यार्थी चुकलेल्या ओळीवर बोट ठेवू शके. शिकून तयार झालेल्या विजेत्याचे ज्ञान असंख्य आकड्यांत विखुरलेले असते. तो का जिंकला, हे त्याच्या कर्त्यांनाही ओळ दाखवून सांगता येत नाही.