लाकडी कातकाम (छंद)
लेथवर फिरणाऱ्या लाकडाला हत्यार लावून वाट्या, फुलदाण्या, भोवरे अशा गोल वस्तू घडविण्याचा छंद. लाटणी, रव्या करणारे कातारी हे काम पोटासाठी करत आले. विरंगुळा म्हणून ते मुख्यतः विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत फोफावले. बॉब स्टॉक्सडेल हे अमेरिकी कारागीर दुसऱ्या महायुद्धात, लढण्यास नकार देणाऱ्यांच्या छावणीत वाट्या कातण्याकडे वळले. पुढे त्यांच्या पातळ वाट्या संग्रहालयांत पोचल्या. अमेरिकेतील हौशी व व्यावसायिक कातकाम करणाऱ्यांची संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली.

खरी गंमत ओल्या लाकडात आहे. गोल पटाशीच्या धारेमागचा उतार लाकडावर टेकवून मूठ किंचित उचलली, की फितीसारखी लांब, दमट सालपटे सुटू लागतात. जोडकाम नाही, सांधे नाहीत. ओबडधोबड ओंडक्यातून तासाभरात वाटी उतरते. ती वाळताना मात्र लंबगोल होते, कारण लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा वर्षवलयांच्या दिशेने साधारण दुप्पट आकसते. म्हणून बरेच जण वाटी आधी जाडसर कातून ठेवतात आणि काही महिन्यांनी पुन्हा लेथवर चढवतात. काही जण तो वाकडेपणा तसाच राखतात, आणि बहुधा तीच वाटी अधिक देखणी असते. फिरत्या लेथजवळ सैल बाह्या व मोकळे केस घातक; चेहऱ्यावर मुखकवच हवेच.