अंतराळयात्रिकांच्या मनगटावरील घड्याळ

जुन्या मराठी विवाहसमारंभांत घटिकापात्रास मोठा मान असे. घंगाळांतील पाण्यावर तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें एक लहानसें पात्र सोडावयाचें, आणि तें भरून बुडालें म्हणजे एक घटिका, म्हणजेच चोवीस मिनिटें, झालीं असें मानावयाचें. मंडपांत वाजंत्री वाजोत, पंगतींची गडबड असो, ज्याच्याकडे घटिकेचें काम असे त्यानें त्या पात्रावरून दृष्टि काढावयाची नाहीं, असा दंडक होता. मुहूर्ताचा क्षण एकदां निसटला म्हणजे पुन्हां हातीं येत नाहीं, ही समजूत त्याच्या मुळाशीं होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मनुष्य पृथ्वी सोडून अंतराळांत गेला, तेव्हां ही समजूत अक्षरशः खरी ठरली. तेथील मुहूर्त कांहीं सेकंदांचा असे, आणि तो चुकल्यास त्याचें मोल प्राणांनीं द्यावें लागण्याचा संभव असे. हा मुहूर्त सांभाळण्यासाठीं अंतराळयात्रिकांनीं जें साधन मनगटावर बांधून नेलें, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

ता. १२ एप्रिल १९६१ रोजीं सोव्हिएट रशियाचा वैमानिक युरी गागारिन ‘व्होस्तोक’ यानांतून पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला. मानवाचा हा पहिला अंतराळप्रवास १०८ मिनिटांचा, म्हणजे जुन्या मोजणीनें बरोबर साडेचार घटिकांचा होता. त्या वेळीं त्याच्या मनगटावर मॉस्को येथील पहिल्या घड्याळ-कारखान्यांत तयार झालेलें ‘श्तुर्मान्स्किये’ नांवाचें घड्याळ होतें. मार्ग आंखणाऱ्या नाविकांचें, असा या रशियन शब्दाचा अर्थ होतो. सोव्हिएट हवाई दलांतील वैमानिकांस देण्यांत येणारें तें साधें किल्लीचें घड्याळ होतें. अंतराळासाठीं म्हणून तें घडविलेलें नव्हतें. यानाचें नियंत्रण तर स्वयंचलित यंत्रांकडे व जमिनीवरील केंद्राकडे होतें. मग एवढ्या प्रचंड यंत्रसंभारांत या चिमुकल्या घड्याळाचें प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो.

त्याचें उत्तर अठराव्या शतकांतील समुद्रप्रवासांत सांपडतें. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. तेव्हां ज्या बंदरांतून जहाज निघालें तेथील वेळ बिनचूक दाखविणारें घड्याळ जवळ असल्यास, ती वेळ आणि सूर्यावरून काढलेली स्थानिक वेळ यांच्या फरकावरून जहाज पूर्वेस अगर पश्चिमेस किती सरकलें हें काढतां येतें. असें घड्याळ नव्हतें तोंपर्यंत नाविक अंदाजानें चालत. १७०७ सालीं इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराचीं चार जहाजें आदळलीं आणि हजारांहून अधिक माणसें बुडालीं. पुढें १७१४ सालीं पार्लमेंटनें या प्रश्नाच्या उत्तरासाठीं वीस हजार पौंडांचें बक्षीस लाविलें. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलानें सारें आयुष्य त्यापायीं वेंचलें. त्याचें चौथें घड्याळ १७६१ सालीं जमेकाच्या प्रवासास निघालें, आणि सुमारें अडीच महिन्यांच्या प्रवासानंतर तें अवघे पांच सेकंद मागें पडलेलें आढळलें. ज्यास आपलें स्थान जाणावयाचें आहे त्यानें आधीं वेळ जाणली पाहिजे, हा धडा दर्यावर्दी लोकांनीं असा शिकून घेतला. अंतराळयात्रिक हे त्यांचेच वारस होत.

पृथ्वीभोंवतीं फिरणारें यान सेकंदास सुमारें पांच मैल या वेगानें धांवत असतें. तें खालीं आणावयाचें तर त्याचा वेग मंदावणारे अग्निबाण ठरलेल्या क्षणींच पेटवावे लागतात. अमेरिकन अंतराळयात्रिक स्कॉट कार्पेंटर यास ता. २४ मे १९६२ रोजीं याचा प्रत्यय आला. पृथ्वीभोंवतीं तीन फेऱ्या झाल्यावर त्याचे अग्निबाण सुमारें तीन सेकंद उशिरां पेटले. तेवढ्यानेंच उतरण्याची जागा सुमारें पंधरा मैल पुढें सरकली. त्यांतच यानाचें तोंडही योग्य दिशेस नव्हतें. परिणाम असा झाला कीं, कार्पेंटर नियोजित स्थळापासून सुमारें अडीचशें मैल दूर समुद्रांत पडला, आणि शोध लागून सुटका होईपर्यंत सुमारें तीन तास त्यास रबरी तराफ्यावर काढावे लागले. त्याच्या हातावर ब्राइटलिंग कंपनीचें खास घड्याळ होतें. त्याच्या तबकडीवर बारांऐवजीं चोवीस तासांचे अंक होते. कारण जेथें दीड तासांत सूर्य एकदां उगवतो व एकदां मावळतो तेथें सकाळचे सात कीं सायंकाळचे सात, हें आकाशाकडे पाहून कळत नाहीं. खाऱ्या पाण्यानें तें घड्याळ मात्र बिघडून गेलें.

त्याच वर्षीं ता. २० फेब्रुवारीस पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकन जॉन ग्लेन याच्या मनगटावर तर पूर्ण घड्याळही नव्हतें. हॉयर कंपनीचें एक स्टॉपवॉच त्यानें पोषाखावर पट्ट्यानें बांधलें होतें. ऑक्टोबरांत वॉल्टर शिरा गेला तो स्वतःच्या मालकीचें ओमेगा ‘स्पीडमास्टर’ घेऊन. हें स्विस घड्याळ १९५७ सालीं बाजारांत आलें होतें, आणि तें मोटारींच्या शर्यतींचा वेग मोजण्याच्या हेतूनें काढलेलें होतें! वेळ दाखविणाऱ्या कांट्यांखेरीज त्यांत हवें तेव्हां चालूं करतां येणारा व थांबवितां येणारा सेकंदाचा निराळा कांटा असून, झालेलीं मिनिटें व तास मोजणाऱ्या लहान तबकड्याही होत्या. अशा घड्याळास क्रोनोग्राफ म्हणतात.

या साधनाची खरी कसोटी ता. १६ मे १९६३ रोजीं लागली. गॉर्डन कूपर हा बावीस फेऱ्यांच्या दीर्घ प्रवासावर होता. अखेरच्या फेऱ्यांत विद्युत्प्रवाहांत दोष उत्पन्न होऊन यानाची स्वयंचलित नियंत्रणव्यवस्था निकामी झाली. यानांतील उष्णता वाढूं लागली व हवा दूषित होऊं लागली. तेव्हां कूपरनें खिडकींतून क्षितिजाकडे पाहून यान हातानें स्थिर केलें, मनगटावरील घड्याळाशीं वेळ ताडून पाहिली, आणि जपानजवळच्या जहाजावरून ग्लेन रेडिओवर उलट अंक मोजीत असतां नेमक्या क्षणीं अग्निबाण पेटविले. तो वाट पाहात असलेल्या जहाजापासून केवळ चार मैलांवर उतरला. सर्व स्वयंचलित यंत्रें मुकीं झालीं असतां माणसाची दृष्टि, त्याचा हात आणि त्याचें घड्याळ एवढ्यांवर तो परत आला, ही गोष्ट अमेरिकन अंतराळ-संस्था ‘नासा’ हिच्या चालकांच्या मनावर ठसल्यावांचून राहिली नाहीं.

तोंवर जो तो आपल्या पसंतीचें घड्याळ नेत असे. १९६४ सालीं नासानें ठरविलें कीं, घड्याळाचीही यानाच्या इतर भागांप्रमाणें परीक्षा व्हावी. तें काम जेम्स रेगन या तरुण अभियंत्याकडे आलें. ओमेगा, रोलेक्स, लाँजिन-विट्नॉवर आणि हॅमिल्टन या चार कंपन्यांनीं आपले नमुने पाठविले. पैकीं हॅमिल्टननें खिशांतील घड्याळ पाठविल्यामुळें तें प्रारंभींच बाद झालें. उरलेल्या तिघांस अकरा दिव्यांतून जावें लागलें. ७१ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत ४८ तास, त्यानंतर ९३ अंशांत ३० मिनिटें. उणें १८ अंशांच्या थंडींत ४ तास. ९५ टक्के आर्द्रतेंत २४० तास. गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट जोराचे सहा दिशांनीं सहा धक्के. शिवाय निर्वात पोकळी, शुद्ध प्राणवायु, कंपन आणि कर्णकर्कश आवाज! एका घड्याळाचा कांटा उष्णतेनें वांकला, दुसऱ्याची कांच वांकून निघाली. टिकलें तें एकटें ओमेगा. तेंही सर्वस्वीं निर्दोष होतें असें नव्हे. एका परीक्षेंत तें एकवीस मिनिटें पुढें गेलें, दुसरींत पंधरा मिनिटें मागें पडलें, आणि तबकडीवरील चमकणारा लेप नाहींसा झाला. परंतु सर्व छळ संपल्यावर तें चालत होतें, हेंच महत्त्वाचें ठरलें. ता. १ मार्च १९६५ रोजीं त्यास अंतराळप्रवासाचा परवाना मिळाला. ज्या घड्याळावर हा संस्कार झाला तें कारखान्यांतील नेहमींच्या मालापैकींच एक होतें, ही यांतील मौजेची गोष्ट होय.

त्याच महिन्यांत, ता. १८ मार्चला, रशियाच्या अलेक्सेई लिओनॉव्हनें यानाबाहेर पाऊल टाकून इतिहास घडविला. तो सुमारें बारा मिनिटें पोकळींत तरंगत होता. त्याच्यापाशीं मॉस्कोच्याच कारखान्यांतील ‘स्त्रेला’ क्रोनोग्राफ होता. पोकळींत त्याचा पोषाख इतका फुगला कीं, आंतील हवा थोडी सोडून दिल्यावांचून त्यास आंत शिरतां येईना. जूनच्या ३ तारखेस अमेरिकेचा एड व्हाइट असाच बाहेर पडला, तेव्हां त्याच्या पोषाखाच्या बाहीवर लांब पट्ट्यानें बांधलेलें ओमेगा घड्याळ छायाचित्रांत स्पष्ट दिसलें. तो बाहेर होता सुमारें एक घटिका.

ता. २० जुलै १९६९ रोजीं ‘ईगल’ हें यान चंद्रावर उतरलें. नील आर्मस्ट्राँग पहिला खालीं उतरला, परंतु त्याच्या हातावर घड्याळ नव्हतें. चांद्रयानांतील विद्युत्घटियंत्र बिघडल्यामुळें आपलें घड्याळ त्यानें तेथेंच मार्गें ठेवलें होतें. त्यामुळें चंद्रभूमीवर प्रथम चाललेलें घड्याळ म्हणजे त्याच्यामागून उतरलेल्या एडविन ऑल्ड्रिनचें होय. पुढें तें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जात असतां वाटेंत गहाळ झालें! चंद्रावर जाऊन सुखरूप परतलेली वस्तु पृथ्वीवरील टपालवाटेंत हरवावी, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

तथापि या घड्याळाची सर्वांत बिकट घटिका पुढेंच होती. ता. ११ एप्रिल १९७० रोजीं ‘अपोलो १३’ निघालें. दोन दिवसांनीं पृथ्वीपासून सुमारें दोन लक्ष मैलांवर प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. मुख्य यानांतील वीज व प्राणवायु संपूं लागला, तेव्हां जेम्स लोव्हेल, फ्रेड हेझ व जॅक स्वायगर्ट या तिघांनीं दोन माणसांसाठीं बांधलेल्या चांद्रयानाचा आश्रय घेतला. वीज वांचविण्यासाठीं त्यांना गणकयंत्र व जवळ जवळ सर्व उपकरणें बंद करावीं लागलीं. आंतील थंडी असह्य झाली. अशांत जमिनीवरील गणितज्ञांस आढळून आलें कीं, यानाचा मार्ग किंचित् ढळला आहे. तो सुधारला नाहीं तर यान वातावरणांत योग्य कोनानें शिरणार नाहीं आणि तिघेही पृथ्वीस मुकतील. उपाय एकच होता: चांद्रयानाचें यंत्र चौदा सेकंद चालवावयाचें. कमी नाहीं, अधिक नाहीं.

मार्ग दाखविणारें यंत्र बंद, वेळ मोजणारें यंत्र बंद. लोव्हेल व हेझ यांनीं खिडकींतून पृथ्वीच्या गोलावरील दिवस व रात्र यांमधील सीमारेषेवर दृष्टि लावून यान हातानें स्थिर धरलें, आणि स्वायगर्टनें मनगटावरील घड्याळावर चौदा सेकंद मोजले. तिघांचे प्राण, घरीं वाट पाहणारीं त्यांचीं कुटुंबें आणि जगभर कान लावून बसलेले लक्षावधि लोक यांचें भवितव्य त्या वेळीं एका बारीक कांट्याच्या गतीशीं निगडित झालें होतें. मार्ग सुधारला. ता. १७ एप्रिल रोजीं तिघेही पॅसिफिक महासागरांत सुखरूप उतरले. त्याच वर्षीं अंतराळयात्रिकांनीं ओमेगा कंपनीस ‘सिल्व्हर स्नूपी’ हें आपलें खास पारितोषिक दिलें.

यानंतरच्या दोन हकीकती या इतिहासास पूर्णता आणतात. १९७१ सालीं ‘अपोलो १५’ मधील डेव्हिड स्कॉट याच्या घड्याळाची कांच चंद्रावर असतां निघून गेली. त्यानें जवळचें दुसरें, बुलोव्हा कंपनीचें घड्याळ बांधून उरलेलें काम पार पाडलें. हेंच घड्याळ २०१५ सालीं लिलांवांत सोळा लक्ष पंचवीस हजार डॉलरांस विकलें गेलें. १९७३ सालीं ‘स्कायलॅब’ या अंतराळगृहांत ८४ दिवस राहिलेल्या विल्यम पोगनें स्वतः विकत घेतलेलें, हाताच्या हालचालीनें आपोआप किल्ली बसणारें जपानी सायको घड्याळ बरोबर नेलें. वजन नाहींसें झाल्यावर असलें घड्याळ चालेल काय, अशी शंका येणें साहजिक होतें. कारण त्यांतील किल्ली देणारी लोलकवजा चकती वजनामुळें खालीं झुकून फिरते, अशी सामान्य समजूत आहे. परंतु वजन गेलें तरी वस्तूचें जडत्व जात नाहीं. हात हालला कीं चकती मागें राहते, आणि त्या फरकानेंच कमान गुंडाळली जाते. पोगचें घड्याळ बिनतक्रार चाललें.

पुढें यानांत अधिकाधिक अचूक विद्युत्घटियंत्रें आलीं. तरीही मनगटावरील घड्याळ कोणीं अगदींच टाकून दिलें नाहीं. याचें कारण केवळ हौस किंवा अभिमान नव्हे. यंत्र जितकें मोठें तितकें तें बिघडण्याच्या जागा अधिक, आणि जो बिघाड एका यंत्रास ग्रासतो तोच पुष्कळदां त्याच्याशीं जोडलेल्या दुसऱ्यासही ग्रासतो. हातावरील घड्याळाचा मात्र यानाच्या विजेशीं, तारांशीं किंवा गणकयंत्राशीं कसलाही संबंध नसे. सकाळीं बोटांनीं दिलेली किल्ली हेंच त्याचें सारें बळ. तें यानाच्या सुखदुःखांत भागीदार नव्हतें, म्हणूनच यानाच्या संकटकाळीं तें उपयोगीं पडलें. हॅरिसनच्या घड्याळानें वादळांत जें केलें, घटिकापात्रानें गजबजलेल्या मंडपांत जें केलें, तेंच या घड्याळानें निःशब्द पोकळींत केलें. भोंवतीं कसलाही गोंधळ माजो, आपल्या गतीनें चालत राहून त्यानें माणसास योग्य क्षण दाखविला. तो क्षण साधणें मात्र प्रत्येक वेळीं माणसाच्याच हातीं होतें.