बोरिवलीचं शिबिर, कोसबाडची टेकडी आणि खेळण्यांचा खोका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं अं-अं आणि मधेच वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजची गोष्ट सुरू होते बोरिवलीला. मॉल, मेट्रो, नॅशनल पार्कची सेल्फी हे सगळं विसरा. साल १९४५. कस्तुरबा ट्रस्टनं गावात काम करणाऱ्या बायकांसाठी, म्हणजे ग्रामसेविकांसाठी, बोरिवलीला एक शिबिर भरवलं होतं. तिथे पस्तिशीची एक शिक्षिका आली होती, अनुताई वाघ. जन्म मोरगावचा, १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. तरीही त्या शिकल्या, नोकरी धरली, पुण्यात हुजूरपागेत शिकवायला लागल्या. याच शिबिरात त्यांची गाठ पडली ताराबाई मोडकांशी. ताराबाईंना एका गावात बालशिक्षणाचा प्रयोग करायचा होता आणि माणूस हवा होता. अनुताई निघाल्या. गाव होतं बोर्डी.

आता तुम्ही म्हणाल, विषय तर लहान मुलांसाठी सायन्स आणि आर्टचं किट कसं निवडायचं हा होता. गेल्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त मेसेज त्याचेच आले. कुणी अंधेरीहून, कुणी मुलुंडहून. कुणाचा भाचा सीनियर केजीत, कुणाची पुतणी चार वर्षांची, वाढदिवस आलाय, ॲपवर शंभर खोके दिसतात, सगळ्यांवर एकच हसरं मूल. कुठलं घेऊ? उत्तर देतो. पण त्या खोक्याचा इतिहास बघितल्याशिवाय उत्तर नीट देता येत नाही, आणि इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा तुकडा नेमका आपल्या वेस्टर्न लाइनवर आहे.

खोक्याचा शोध मात्र जर्मनीतला. फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी खेळांची साधनं बनवायला घेतली आणि १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्याच्या साधनांना तो भेटी म्हणायचा. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगांचे सहा चेंडू. दुसरीत लाकडी गोल, घन आणि नळकांडं. तिसरीत एका मोठ्या घनाचे आठ छोटे घन, लाकडी पेटीत बसवलेले. बस, एवढंच. ना चित्र, ना आवाज. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या माणसानं हे संच विकायला काढले. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका बाईंनी ते पाहिले आणि आपल्या मुलाला आणून दिले. तो मुलगा म्हणजे पुढचा जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. त्यानं म्हातारपणीसुद्धा त्या ठोकळ्यांचे उपकार मानले. किट विकणाऱ्या कंपन्यांना ही गोष्ट फार आवडते. राइटच्या आईनं ते ठोकळे घेऊन त्याच्यासोबत किती तास घालवले, ते जाहिरातीत येत नाही.

दुसरं मोठं नाव मारिया मॉन्टेसरी. व्यवसायानं डॉक्टर. १९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी मुलांचं घर उघडलं. लक्षात ठेवा, गरीब वस्तीत. आज आपल्याकडे ‘मॉन्टेसरी’ म्हटलं की फीचा आकडा आठवतो, पण सुरुवात झाली ती अशा कामगारांच्या मुलांपासून, जी दिवसभर जिन्यात हुंदडत असायची. त्यांच्या साधनांत एक युक्ती होती. लाकडी दट्ट्यांचा एक ठोकळा असतो, प्रत्येक दट्ट्या फक्त आपल्याच खळग्यात बसतो. चुकला तर शेवटी एक दट्ट्या हातात उरतो. ‘चुकलास’ असं सांगायला बाई लागतच नाही, लाकूडच सांगतं. मला विचाराल तर गेल्या दोनशे वर्षांतली खेळण्याबद्दलची ही सर्वांत हुशार कल्पना आहे. पण त्यात एक गोम होती. दट्ट्या मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे झाला तरी युक्ती फसते. म्हणजे पक्का सुतार हवा, पक्कं लाकूड हवं, आणि पैसे हवेत.

भारतात ही कल्पना रुजवली भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तेव्हा राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होत्या. जन्म मुंबईचा, १८९२ चा, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं, मुंबई विद्यापीठाची पदवी. चांगली नोकरी सोडून त्या १९२३ मध्ये गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, शिक्षणपत्रिका चालवली. पुढे ताराबाई मुंबईत आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. दादरच्या मध्यमवर्गाला हे पटलं. मुलं स्वच्छ, पालक शिकलेले, साधनं व्यवस्थित फळीवर.

ताराबाईंनी इथेच थांबायला हरकत नव्हती. पण प्रश्न उरला होताच. ऑक्टोबर १९३१ मध्ये गांधीजी लंडनला मॉन्टेसरीबाईंच्या प्रशिक्षण संस्थेत गेले होते, तेव्हा त्यांनीही हाच मुद्दा काढला होता: भारतातल्या अत्यंत गरीब मुलांपर्यंत हे कसं पोचणार? ताराबाईंनी उत्तर शोधायला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादर सोडलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत बोरिवलीच्या शिबिरात भेटलेल्या अनुताई. १९५७ मध्ये काम तिथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांच्या मधोमध. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. घोलवडचे चिकू आणायला जाता ना, तोच पट्टा.

आता इथे खरी गंमत आहे. बोर्डीला बालवाडी काढली, पण हरिजन वस्तीतली आणि पाड्यावरची मुलं तिथवर येईनात. कारण साधं होतं. आईबाप मजुरीला गेलेले, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, कुणाच्या अंगावर कपडा नाही. मग बाईच वस्तीवर गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, आधी त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग खेळ, गाणी, गोष्टी. अंगणात भरते ती अंगणवाडी. हो, तीच. आज देशभर सरकारी पाटीवर असलेला हा शब्द तिथला आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हा शब्द देशाचा झाला. कोसबाडला तर त्यापुढे गेले. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात नेली आणि नाव दिलं कुरणशाळा.

आणि साधनं? इटालियन लाकूड कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती, बांबू. क्रम लावायचा तर शिंपले लहान-मोठे लावा. जड-हलकं ओळखायचं तर खडा आणि वाळकी बी. मॉन्टेसरीबाईंचं तत्त्व तेच, फक्त सुतार बदलला. ताराबाईंनी मॉन्टेसरीला नाकारलं असं काही जण सांगतात, ते खरं नाही. त्यांनी तिला कोकणी पाण्यात धुऊन घेतलं, इतकंच.

इथपर्यंत ऐकून काही जण लगेच म्हणतील, ‘बघ, शिंपल्यांवर काम भागतं, ही किटं म्हणजे सगळी लूट.’ थांबा जरा. मला हा निष्कर्ष फार सोपा वाटतो. कोसबाडला शिंपले फुकट होते हे खरं. पण त्या शिंपल्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? अनुताई वाघ. ज्यांनी पुढची सत्तेचाळीस वर्षं, १९९२ मध्ये जाईपर्यंत, आयुष्य त्याच कामात घातलं. फुकट होती ती वस्तू, महाग होतं ते माणूस. घाटकोपरला पावणेनऊच्या गर्दीतून उतरून घरी पोचणाऱ्या आईला ‘खोका कशाला, घरातल्या वस्तूंनी खेळव’ म्हणणं म्हणजे तिच्याकडे नसलेली गोष्टच मागणं. खोका विकत घेणारा पालक खरं तर तयारीचा वेळ विकत घेतो. यात वाईट काहीच नाही. फक्त खोक्यानं तो वेळ खरंच वाचवला का, हे बघायचं.

म्हणून निवडताना माझी पहिली कसोटी ही, की दुसऱ्यांदा खेळता येतं का? ज्वालामुखीचं किट घ्या. सोडा आणि व्हिनेगर, फस्सकन फेस, टाळ्या, संपलं. ते एकदाच होतं आणि करतो कोण, तर बाबा. मूल प्रेक्षक. त्यापेक्षा घरात हळदीचं पाणी करा, त्यात साबण टाका, लाल होतं. लिंबू पिळा, परत पिवळं. चार वर्षांचं मूल हे वीस वेळा करतं, कारण उलटं फिरवता येतं. रसायनशास्त्र कळत नाही त्याला, कळायची गरजही नाही. आपण काहीतरी केलं की काहीतरी बदलतं, हे कळतं.

दुसरी कसोटी मॉन्टेसरीबाईंची. चूक कोण सांगतं, वस्तू की मोठं माणूस? ठोकळ्यांचा पूल पडला तर पूल सांगतो. झाकण बसलं नाही तर झाकण सांगतं. ‘अचूक उत्तर’ म्हणून बॅटरीवर टाळ्या वाजवणारी खेळणी मात्र मूल दोन दिवसांत टाळ्यांसाठी खेळायला लागतं. आर्ट किटमध्ये छापील चित्र आणि आकड्यानुसार रंग असेल तर ती कला नाही, ती कारकुनी. माफ करा, पण आहे.

सुरक्षिततेबद्दल मात्र विनोद नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. स्टेशनबाहेरच्या पथारीवर आणि ॲपवरच्या अनोळखी विक्रेत्याकडे ते दिसलं नाही तर पुढे चला. छोट्या तुकड्यांचा नियम तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. तपासणीच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, त्यात बसेल ते घशात अडकू शकतं. केजीतलं मूल या नियमाबाहेर असतं, पण वन बीएचकेत त्याचं दीड वर्षाचं भावंड त्याच फरशीवर रांगत असतं. खोक्यावरचं वय एकासाठी आहे, घरात दोघं आहेत. बारीक चुंबकं तर आणूच नका. दोन गिळली तर ती आतड्यात एकमेकांना खेचून धरतात आणि ऑपरेशनची वेळ येते. बटण सेल असेल तर झाकणाला स्क्रू हवाच. पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत मणीही नकोत, ते पोटातही फुगतात.

पुण्याच्या अरविंद गुप्तांचं नाव बरेच जण सुचवतात. आयआयटी कानपूरचा इंजिनियर, टेल्कोची नोकरी, मग होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमातून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची मॉडेलं. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून शेकडो खेळणी. २०१८ मध्ये पद्मश्री. माणूस थोर, व्हिडिओ मराठीतही आहेत. पण काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब चार वर्षांच्या बोटांसाठी नाहीत. त्यातले कागदाचे टोप्या-पक्षी घ्या, बाकी तिसरी-चौथीत.

आणि आपल्याकडे एक जुनं, बिनखोक्याचं किट आहेच: दिवाळीचा किल्ला. माती, विटा, गोणपाट, पाण्याचा उतार, आणि वर पेरलेले अळीव चार दिवसांत उगवतात. स्थापत्य, जलव्यवस्थापन, वनस्पतिशास्त्र, शिल्पकला. मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत अजून होतात. फक्त हल्ली काही ठिकाणी तयार प्लास्टरचा किल्ला विकत आणतात आणि मुलं त्यावर मावळे मांडतात. केजीच्या मुलाला मावळे मांडण्यात रस नसतो, त्याला चिखल हवा असतो.

सरकारनंही खोका काढलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वयासाठी ‘जादुई पिटारा’ आला: खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तकं, चित्रपत्ते. कल्पना चांगली आहे, मराठीतही आहे. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका बेमुदत संपावर गेल्या, कारण त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. पिटारा उघडायचा कुणी, मुलांच्या शेजारी बसायचं कुणी, तर त्यांनीच. १९४५ मधला अनुताईंचा प्रश्न २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर आला होता आणि आपण रीलवर खोका उघडायचे व्हिडिओ बघत होतो. मीही बघत होतो.

तर वाढदिवसासाठी माझी यादी. चित्र नसलेले साधे लाकडी ठोकळे, जितके जास्त तितके बरे. प्लास्टिकचं मोठं भिंग. दोन किलो शाडू, गणपतीच्या दिवसांत कारखान्याबाहेर मिळतो. जाड ब्रश आणि तीनच रंग: लाल, पिवळा, निळा, बाकीचे त्याचे तो बनवेल. आणि सोबत एक चिठ्ठी, की मावशी किंवा काका दर दुसऱ्या रविवारी तासभर येऊन फरशीवर बसतील. तुम्हाला जमत असेल तरच लिहा ती. पुढच्या भागात सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊ, लाकडी फळांची भातुकली कशी रंगवतात ते बघायला.